दाबून ठेवलेली ताकद

एक कोरा खडू घ्या. दोन्ही टोके चिमटीत धरून तो वाकवा. कट्कन तुटेल, आणि तुटलेली जागा खडूच्या लांबीला काटकोनात, साधारण सरळ दिसेल. आता दुसरा खडू घ्या. या वेळी तो अजिबात न वाकवता, ओला कपडा पिळतो तसा पिळा. हाही तुटेल, पण त्याची कड सरळ नसेल. गोल जिन्यासारखी खडूभोवती वळत गेलेली, सुमारे ४५ अंशांनी तिरकी अशी ती असेल. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक खडू देऊन हा प्रयोग करता येतो. (खडू वाया जात नाहीत, तुकड्यांनी फळ्यावर लिहिता येते.)

असे का होते, हे मुलांना विचारले तर बहुतेक जण म्हणतील, की पहिला खडू वाकल्यामुळे तुटला आणि दुसरा पिळल्यामुळे. पण खरे म्हणजे दोन्ही खडू एकाच कारणाने तुटले. दोन्ही ओढले गेले. वाकवलेल्या खडूची बाहेरची बाजू लांबते, ती तिथे फाटते. पिळलेल्या खडूचे काय होते ते पाहण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यावर पेनाने एक चौरस काढा आणि ट्यूब पिळा. चौरस तिरपा होईल. त्याचा एक कर्ण लांब होईल, दुसरा आखूड. खडूमध्येही हेच घडते. जो कर्ण लांबतो त्या दिशेने खडू ओढला जातो आणि त्या दिशेला काटकोनात फाटतो. म्हणून कड तिरकी.

काँक्रीट या बाबतीत खडूचाच मोठा भाऊ आहे. दाब सोसण्यात तो पटाईत, पण ओढले की फाटतो. दाब सोसण्याची त्याची जेवढी ताकद, तिच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच ताण सोसण्याची. पुलाच्या तुळईवरून बस जाते तेव्हा तुळई वाकते, खालची बाजू ताणली जाते. तिथे लोखंडी सळ्या घातल्या की त्या ताण घेतात. हे झाले साधे सळईचे काँक्रीट. त्यात काँक्रीटला बारीक भेगा पडतात, त्या आपण चालवून घेतो. लांब पुलांसाठी मात्र हा उपाय पुरत नाही. तुळई इतकी जड होते, की स्वतःचेच वजन पेलण्यात तिची बरीचशी ताकद खर्च होते.

मग दुसरी युक्ती. टेबलावरची दहा-बारा पुस्तके उभी शेजारी-शेजारी ठेवा आणि दोन्ही टोकांनी तळहातांनी जोरात दाबून ती रांग उचला. पुस्तके एकमेकांना चिकटवलेली नाहीत, तरी ती पडत नाहीत. वर एखादी डस्टरची पेटी ठेवली तरी सांभाळतात. आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो तेही हेच. लोखंडी पट्टी लाल तापवून चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. ती आकसते आणि चाकाचे सगळे लाकडी भाग आतल्या बाजूला घट्ट दाबून धरते. खड्ड्यातून जाताना धक्का बसला की सांधे उघडू पाहतात, पण आधी तो साठवलेला दाब संपल्याशिवाय ते उघडत नाहीत.

काँक्रीटच्या तुळईत पोलादी तारा घालायच्या, त्या ताणायच्या आणि टोकांना अडकवून सोडायच्या. तारा आखूड व्हायला बघतात आणि त्यामुळे काँक्रीट दाबले जाते. यालाच पूर्वप्रतिबलित काँक्रीट म्हणतात. नाव अवघड आहे, कल्पना बैलगाडीच्या चाकाइतकी सोपी. आणि ती नवीही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पी. एच. जॅक्सन यांनी १८८६ च्या सुमारास, आणि बर्लिनच्या डोरिंग यांनी १८८८ मध्ये अशा स्वरूपाची पेटंटे घेतली. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अनेकांनी करून पाहिले. तुळया सुरुवातीला छान वागायच्या. मग काही महिन्यांनी त्यांना भेगा पडायच्या, जणू कोणी दाबलेच नव्हते. दाब कुठे गेला ते कळायचे नाही.

रात्रीची दुरुस्ती

दाब कुठे गेला हे ज्याने शोधले तो युजेन फ्रेसिने हा फ्रेंच इंजिनिअर. जन्म १८७९, मध्य फ्रान्समधल्या एका खेड्यात. पॅरिसच्या नामवंत संस्थांत शिकून १९०५ मध्ये तो मूलँ या गावी सरकारी नोकरीत रुजू झाला. जवळून आल्ये नावाची नदी वाहते. तिच्यावर ल व्हर्द्र येथे दगडी पूल बांधायचा होता. फ्रेसिनेने सुचवले, की एका दगडी पुलाच्या किमतीत या नदीवर काँक्रीटचे तीन पूल होतील. एक ठेकेदार तयार झाला आणि काम सुरू झाले.

काँक्रीटच्या इतक्या सपाट कमानी त्यापूर्वी कोणी केल्या नव्हत्या. ल व्हर्द्रच्या मधल्या कमानीचा गाळा सत्तर मीटरहून अधिक होता. म्हणून १९०८ मध्ये त्याने आधी ५० मीटर गाळ्याची एक चाचणी-कमान उभी केली. कमान पाय पसरू पाहते. ते पाय एकमेकांकडे ओढून धरण्यासाठी त्याने जमिनीत काँक्रीटचा एक पट्टा टाकला आणि तो पोलादी तारांनी आधीच ताणून दाबून ठेवला. आजच्या अर्थाने हे पूर्वप्रतिबलित काँक्रीटच होते. पण त्याला त्यातून दुसरेच काही दिसले. कमान वजन ठेवल्याबरोबर थोडी खचली हे ठीक होते. नंतर वजन न वाढवताही ती हळूहळू खचतच राहिली.

त्या काळचे नियम असे धरून चालत, की काँक्रीट स्प्रिंगसारखे वागते. भार ठेवला की ठरावीक प्रमाणात दबते, भार तेवढाच राहिला तर दबणेही तेवढेच राहते. फ्रेसिनेला शंका आली, पण पूल तर बांधून झाला होता. १९११ मध्ये ल व्हर्द्रचा पूल वाहतुकीला खुला झाला. काही महिन्यांतच त्याला कठड्याची सरळ रेषा मध्येच झोल खाल्ल्यासारखी दिसू लागली. कमानींचे माथे खचत होते. ही खच १३ सेंटिमीटरपर्यंत पोचली आणि थांबायची चिन्हे दिसेनात. सपाट कमानीचा माथा आणखी खाली आला असता तर ती उलटी वाकून कोसळली असती.

सुदैवाने एक गोष्ट त्याच्या बाजूने होती. कमानी सेंटरिंगवरून सुट्या करताना त्याने माथ्यावर जॅक लावून दोन्ही अर्ध्या कमानी एकमेकींपासून दूर ढकलल्या होत्या, आणि त्या जॅकच्या जागा अजून मोकळ्या होत्या. एका रात्री तो सायकलवरून पुलावर गेला, चार विश्वासू माणसांना उठवले आणि कोणालाही न कळवता जॅक पुन्हा बसवून कमानींचे माथे वर उचलले. नंतर त्या जागा काँक्रीटने पक्क्या बुजवल्या. पूल वाचला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो उडवला गेला, पण याच नदीवरचा त्याचा बुतिराँ येथील जुळा पूल अजूनही उभा आहे.

ही हकिगत त्याने स्वतः म्हातारपणी सांगितली. ती वाचताना कौतुक वाटते, तसा एक प्रश्नही पडतो. खुल्या झालेल्या सार्वजनिक पुलाची दुरुस्ती गुपचूप करावी का? आज कोणी असे केले तर त्याची नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. पण त्याने हे स्वतःपासून लपवले नाही, यात मला त्याचे मोठेपण दिसते. काँक्रीट कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे आखडत राहते, हे त्याने मनाशी पक्के केले. या गुणधर्माला मराठीत विसर्पण म्हणतात, बांधकामावर सगळे ‘क्रीप’च म्हणतात. मध्ये पहिले महायुद्ध आले. पुढे प्लुगास्तेलच्या खाडीवर सुमारे १८० मीटरच्या तीन प्रचंड कमानींचा पूल बांधताना, १९२० च्या दशकात, त्याने या विसर्पणाची पद्धतशीर मोजमापे केली.

आता जुन्या लोकांचा दाब कुठे गेला याचे उत्तर देता येते. हे गणित आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल. १० मीटर लांबीची तुळई घ्या. दाबल्याबरोबर होणारे आखडणे, काँक्रीट सुकताना होणारे आकसणे आणि विसर्पण अशी सगळी बेरीज मीटरमागे साधारण ०.८ मिलिमीटर धरू. म्हणजे तुळई एकूण ८ मिलिमीटर आखूड होणार. तिच्यात साधी मऊ पोलादाची सळई आहे. ती दर चौरस मिलिमीटरला १२० न्यूटन इतकी ताणली आहे, त्याहून फार जास्त ताणायची त्या काळी कोणाची हिंमत नव्हती. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तेव्हा १० मीटर सळई किती लांबली असेल? १२० भागिले २,००,००० गुणिले १०,००० मिलिमीटर, म्हणजे ६ मिलिमीटर. सळई ६ मिलिमीटर लांबवली आणि तुळई ८ मिलिमीटर आखडली! सळई ढिली पडली, दाब संपला.

तीच तुळई, पण आत कठीण पोलादाची तार, दर चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटन ताणलेली. ही तार ५० मिलिमीटर लांबते. त्यातले ८ गेले तरी ४२ उरले. म्हणजे ८४ टक्के दाब कायम राहिला. फ्रेसिनेचा सगळा शोध या वजाबाकीत आहे. ऱ्हास टाळता येत नाही, तर ऱ्हास क्षुल्लक वाटावा इतके सुरुवातीलाच ताणून ठेवा. २ ऑक्टोबर १९२८ रोजी जाँ सेआय यांच्यासह त्याने पेटंट घेतले आणि चांगली नोकरी सोडून, पदरचे पैसे घालून, माँतार्जी येथे विजेचे खांब करण्याचा कारखाना काढला. खांब उत्तम होते. पण ती जागतिक मंदीची वर्षे होती, खांब कोणी घेईना. फ्रेसिने कर्जात बुडाला.

त्याला वर काढले ल हाव्र बंदरातल्या एका खचणाऱ्या इमारतीने. अजस्र प्रवासी बोटींसाठी बांधलेले तिथले स्थानक १९३४ च्या सुमारास महिन्याला सुमारे २५ मिलिमीटर या वेगाने चिखलात रुतत होते. फ्रेसिनेने पाये आधी दाबलेल्या काँक्रीटने एकमेकांना बांधले, नवे खांब जमिनीत उतरवले आणि खच थांबवली. त्यानंतर कोणाला पटवावे लागले नाही. १९३९ मध्ये त्याने तारा ताणून टोकाला पाचरीने अडकवण्याची साधी युक्ती काढली. युद्धकाळात रखडत १९४६ मध्ये पुरा झालेला मार्न नदीवरचा ५५ मीटर गाळ्याचा लुझान्सीचा पूल पाहिला तर तो काँक्रीटचा आहे यावर विश्वास बसत नाही, इतका बारीक आहे. बेल्जियममध्ये गुस्ताव माग्नेल यांनी हा विषय शिकवण्याजोगा केला आणि १९४९ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील पुलासाठी ४९ मीटरची खरीखुरी तुळई सर्वांसमक्ष मोडून दाखवली.

वाकणे आणि पिळणे एकदम आले तर?

इथवरची कथा फक्त वाकण्याची आहे. पण पुलाच्या तुळईवर फक्त वाकवणारा भार क्वचितच येतो. उड्डाणपूल वळणावर असेल तर त्याची तुळई वाकते तशी पिळलीही जाते. पूल सरळ असेल, पण सगळे ट्रक डाव्या मार्गिकेवर उभे असतील तरी पीळ येतोच. घरातलेच उदाहरण हवे असेल तर खिडकीवरचा छज्जा पाहा. छज्जा आपल्या वजनाने पुढे झुकू पाहतो आणि ज्या तुळईला तो चिकटलेला असतो तिला पिळतो. याशिवाय तुळईच्या टोकांजवळ भार तिला उभे कातरू पाहतो, त्याला कर्तन म्हणतात. कर्तनातही ट्यूबवरच्या चौरसासारखाच एक कर्ण लांबतो, त्यामुळे तिथल्या भेगाही तिरक्याच पडतात. वाकणे, कर्तन आणि पीळ ही तिन्ही एकाच वेळी एकाच जागी येतात.

आधीच दिलेला दाब इथे कामाला येतो का? येतो, आणि वाटते त्यापेक्षा अधिक. जर्मन इंजिनिअर ओटो मोर यांनी १८८२ मध्ये दाखवलेल्या वर्तुळाच्या रीतीने ते मोजता येते. समजा काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला ३ न्यूटन ताणाला फाटते. नुसता पीळ दिला तर पिळामुळे येणारे प्रतिबल ३ झाले की ४५ अंशांची भेग पडेल. आता त्याच काँक्रीटवर लांबीच्या दिशेने ६ न्यूटनचा दाब आधीच आहे असे धरा. मोर यांच्या रीतीने उत्तर येते, की पिळाचे प्रतिबल ३ गुणिले ३ चे वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ ५.२ होईपर्यंत भेग पडणार नाही. ताकद पावणेदोन पटीच्या जवळ गेली. भेगेची दिशाही बदलते. ती ४५ अंशांऐवजी तुळईच्या लांबीशी ३० अंशांचा कोन करते, म्हणजे लांबट पसरते. जुन्या पुलाच्या तुळईवर तिरकी भेग दिसली, तर तिचा उतार मोजून त्या जागी दाब किती उरला असावा याचा अंदाज जाणकार बांधू शकतो, तो याच आधारावर.

वाकणे आणि पीळ एकत्र आले तर काय, याचे उत्तर मात्र कागदावर सुटत नव्हते. वाकणे वेगळे मोजा, पीळ वेगळा मोजा आणि बेरीज करा, असा साधा मार्ग कोणालाही सुचेल. हेन्री कोवन आणि आर्मस्ट्राँग यांनी साध्या सळईच्या आणि आधी दाबलेल्या तुळया एकाच वेळी वाकवून आणि पिळून मोडल्या आणि निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. सोव्हिएत संघात लेसिग यांनी १९५९ च्या सुमारास अशा मोडलेल्या तुळयांच्या भेगांचे निरीक्षण मांडले. तुळईच्या तीन बाजूंवरून भेग तिरकी फिरत जाते आणि चौथ्या बाजूवर काँक्रीट चिरडले जाते, तुळई जणू एखाद्या तिरप्या बिजागरीभोवती उघडते. हे चित्र हाती आल्यावर हिशेबाला आकार आला. अमेरिकेत पॉल झिया यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आधी दाबलेल्या तुळयांच्या पिळाचा अभ्यास केला, ऑस्ट्रेलियात कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी तिरप्या बिजागरीचे गणित पुढे नेले.

या साऱ्यातून जी गोष्ट पुढे आली ती प्रथम ऐकताना विश्वास बसू नये अशी आहे. तुळईवर थोडा वाकवणारा भार आला, तर काही वेळा तिची पीळ सोसण्याची ताकद कमी न होता वाढते.

हे कसे ते पाहू. पुलाच्या तारा तुळईत मधोमध नसतात, खालच्या बाजूला असतात, कारण भार आल्यावर ताण तिथेच येणार असतो. त्यामुळे पूल रिकामा असताना खालची बाजू खूप दाबलेली आणि वरची जवळजवळ मोकळी असते. पेटीसारखी पोकळ, सगळ्या भिंती सारख्या जाडीची तुळई मनात आणा. रिकाम्या पुलात खाली १२ आणि वर ० न्यूटन असा दाब आहे. आता निम्मा भार आला. भारामुळे वरची बाजू दाबली जाते, खालची सैल होते. दोन्हीकडे ६ आणि ६ झाले. पूर्ण भार आला की वर १२, खाली ०. आता या तिन्ही वेळी पीळ द्या. रिकाम्या पुलात वरची भिंत आधी फाटेल, तिथे दाबाची मदत नाही. पूर्ण भार असताना खालची भिंत फाटेल. पण निम्म्या भाराला कोठेही दाब ६ च्या खाली नाही, आणि ६ च्या दाबाला पीळ सोसण्याची ताकद पावणेदोन पटीच्या जवळ जाते हे वर पाहिलेच. म्हणजे पिळाच्या दृष्टीने निम्मा भरलेला पूल रिकाम्या पुलापेक्षा सुरक्षित! आलेख काढला तर वाकवणाऱ्या भाराबरोबर पिळाची ताकद आधी चढते आणि मग उतरते.

कर्तनाची गंमत आणखी वेगळी. पेटीच्या दोन उभ्या भिंतींपैकी एकीत कर्तन आणि पीळ एकाच दिशेने येतात, त्यांची बेरीज होते. दुसरीत ते एकमेकांच्या विरुद्ध असतात, वजाबाकी होते. एका भिंतीला भेगा आणि समोरची कोरी असे दृश्य दिसले तर एकच बाजू कच्च्या मालाची होती असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

आता एक सावधगिरीची बाब, आणि विद्यार्थ्यांना सांगताना ती सगळ्यात जपून सांगायला हवी. आधी दिलेला दाब भेग लांबवतो. भेग पडल्यानंतर काय, याची हमी तो देत नाही. वाकण्यापुरते पाहिले तर तुळई शेवटी मोडते तेव्हा तारा आपल्या ताकदीच्या टोकाला पोचलेल्या असतात. सुरुवातीला त्या किती ताणल्या होत्या याने शेवटच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही, त्या पुरेशा जाड आणि शाबूत हव्यात एवढेच. पिळाचे तसे नाही. तुळईत भोवताली बंद रिंगा नसतील तर पहिली तिरकी भेग हीच शेवटची असते. प्रयोगशाळेत अशा तुळया कसलीही पूर्वसूचना न देता मोठा आवाज करून फुटल्या. साधी सळईची तुळई कुरकुरत, भेगा दाखवत मोडते. आधी दाबलेली तुळई शेवटपर्यंत कोरी राहते, म्हणून तिच्यावर अधिक विश्वास बसतो, आणि रिंगा नसतील तर तोच विश्वास घात करतो.

भेग पडल्यावर तुळई कशी तगते याचे चित्र त्यापूर्वीच तयार होते. झुरिचचे रिटर यांनी १८९९ मध्ये आणि जर्मनीत मोर्श यांनी १९०२ मध्ये भेगाळलेल्या तुळईची तुलना लोखंडी कैचीच्या पुलाशी केली होती. भेगांमधले तिरके काँक्रीट म्हणजे दाब घेणाऱ्या काठ्या, रिंगा म्हणजे ओढ घेणाऱ्या काठ्या. राऊश यांनी १९२९ मध्ये हीच कैची तुळईभोवती चारही बाजूंनी गुंडाळून पिळासाठी वापरली. काठ्यांचा उतार ४५ अंशच धरायचा हा जुना आग्रह सुटायला मात्र वेळ लागला. टोरोंटोत व्हेक्किओ आणि कॉलिन्स यांनी काँक्रीटचे तीस चौकोनी तुकडे चारही कडांनी एकाच वेळी ओढून, दाबून, कातरून पाहिले आणि १९८६ मध्ये भेगाळलेल्या काँक्रीटचे नियम मांडले. त्यात उतार गृहीत धरायचा नसतो, हिशेबातून निघतो.

नियमपुस्तके नेहमीप्रमाणे मागून आली. अमेरिकेच्या संहितेत पिळाचे नियम पहिल्यांदा १९७१ मध्ये आले, तेही साध्या सळईच्या काँक्रीटपुरते. आधी दाबलेल्या काँक्रीटला ते १९९५ मध्ये लागू झाले. आपले भारतीय मानक, आय.एस. १३४३, प्रथम १९६० मध्ये निघाले. त्याच्या १९८० च्या आवृत्तीत पिळाचे रूपांतर तेवढ्याच परिणामाच्या वाकवणाऱ्या बलात करून बेरीज करण्याची तिरप्या बिजागरीवर आधारलेली रीत आहे. पुढची आवृत्ती २०१२ ची.

गंज आणि काळ

४ डिसेंबर १९८५ रोजी ब्रिटनमध्ये वेल्स येथील इनिस-इ-ग्वास हा छोटा पूल कोसळला. त्या क्षणी त्यावर एकही वाहन नव्हते. सुट्या ठोकळ्यांची रांग तारांनी दाबून तो केलेला होता, अगदी आपल्या पुस्तकांच्या रांगेसारखा. ठोकळ्यांच्या सांध्यांतून बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचे पाणी आत शिरले आणि तारा गंजल्या. सात महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, गोव्यात पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. तो पुरता सोळा-सतरा वर्षांचाही नव्हता. खारी हवा, गंजलेल्या तारा. पणजी ते बेती पुन्हा फेरीबोटींच्या रांगा लागल्या, नवा पूल होईपर्यंत काही वर्षे लोकांनी त्या सोसल्या. ब्रिटनने १९९२ मध्ये, नळीत तारा ओवून सिमेंटने भरायच्या पद्धतीचे नवे पूल काही काळ बंदच ठेवले. जाड सळईला मिलिमीटरभर गंज चढला तर ती निभावते. पाच-सात मिलिमीटरच्या, जवळजवळ टोकापर्यंत ताणलेल्या तारेला तो परवडत नाही. आणि ती नळीत असते, दिसत नाही.

गोव्यात आणि वेल्समध्ये तारा गेल्या. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या बेटांवर तारा शाबूत होत्या, पण दाब गेला. तिथला कोरोर आणि बाबेलदाओब या दोन बेटांना जोडणारा पूल १९७७ मध्ये बांधला. मधला गाळा २४१ मीटर, त्या प्रकारात तेव्हा जगात सर्वांत लांब. मध्यावर तो खचत गेला. खच थांबेल असे हिशेब सांगत होते, ती थांबली नाही, आणि मध्याचा झोल दीड मीटरच्या आसपास गेला. ल व्हर्द्रच्या कठड्याची रेषा आठवा. १९९६ मध्ये जादा तारा ताणून तो उचलण्यात आला आणि दुरुस्तीनंतर तीनेक महिन्यांत, २६ सप्टेंबर रोजी, अचानक कोसळला. दोन माणसे मेली.

मग न्यायालयात तडजोड झाली आणि पुलाची सगळी मोजमापे बंद पाकिटात गेली. पूल का खचला हे जगातल्या कोणाही अभ्यासकाला तपासता येईना. अमेरिकेत प्राध्यापक असलेले झ्देन्येक बझांत यांनी हा प्रश्न लावून धरला. नोव्हेंबर २००७ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या रचना-अभियंत्यांच्या जागतिक परिषदेत त्यांनी ठराव मांडला, की मोठ्या बांधकामांच्या पडझडीचा अभ्यास करण्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती खुली केली जावी. परिषदेने तो उचलून धरला. दोन महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, पलाऊच्या सरकारने पाकीट उघडले. हिशेब पुन्हा मांडले गेले तेव्हा दिसले, की आराखड्यात तारांतला सुमारे २२ टक्के ताण काळाच्या ओघात जाईल असे धरले होते. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मा गेला होता. बझांत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग इतर देशांतल्या अशाच पुलांची मोजमापे जमवली. ठरवलेल्यापेक्षा जास्त खचलेले, अजूनही खचत असलेले असे पन्नासहून अधिक पूल त्यांना सापडले.